जुनी सीडी आणलीत का?

२० जानेवारी २०२५ ला माझा ल्युटेशियमचा, म्हणजे गाठींवरच्या किरणोत्सारी औषधाचा, चौथा डोस झाला. एप्रिलचा स्कॅन होईपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तो झाला, म्हणून आता लिहिते. मी शोधत होते तेव्हा मराठीत जवळजवळ काहीच सापडलं नव्हतं. इंग्रजीत भरपूर होतं, पण ते अमेरिकेतल्या लोकांचं. त्यांना ना आपला टीपीए (मेडिक्लेमचे दावे तपासणारी कंपनी) माहीत, ना सेंट्रल रेल्वेचा पावसाळा.

मी भांडुपला राहते, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते. वय ५२. आजाराचं नाव न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींचा कर्करोग. ओपीडीतल्या बाकावर सगळे त्याला ‘नेट’ म्हणतात. नातेवाइकांना सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, “म्हणजे इरफान खानला झालेला तो?” हो, त्याच जातीचा. त्यांनी मार्च २०१८ मध्ये जाहीर केलं म्हणून निदान नाव तरी लोकांच्या कानावरून गेलंय.

२०१९ पासून माझा चेहरा अचानक लालबुंद व्हायचा, कानांतून वाफा आल्यासारखं वाटायचं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने हे कुणालाही सांगितलं तर उत्तर एकच: पाळी जायचं वय आहे. जुलाबांचं खापर शाळेबाहेरच्या वडापाववर फुटलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये आतडं अडकलं आणि रात्री दोन वाजता जवळच्या रुग्णालयात ऑपरेशन झालं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ, यकृतावर डाग. बायोप्सीत ग्रेड २, केआय-६७ चार टक्के. हा आकडा म्हणजे किती पेशी विभागण्याच्या तयारीत आहेत त्याचं माप. तीनच्या खाली ग्रेड १, तीन ते वीस ग्रेड २, त्याच्या वर ग्रेड ३. या आजारात सगळे निर्णय याच आकड्याभोवती फिरतात, म्हणून तो पाठ करून ठेवा. मला स्वतःचा पॅन नंबर आठवत नाही, हा आठवतो.

जानेवारी २०२२ पासून दर अठ्ठावीस दिवसांनी ऑक्ट्रिओटाइडचं (गाठींच्या संप्रेरकांना आवरणारं औषध) ३० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, कमरेत. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून न्यायचं, आणि टोचण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवायचं, नाहीतर नीट मिसळत नाही. दोन वर्षं बरी गेली. मग २०२४ च्या सुरुवातीला दिवसाला आठ-नऊ वेळा चेहरा लाल व्हायला लागला. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. मार्चमध्ये तीन फेजचा सीटी झाला: यकृतावरचे डाग वाढलेले.

ल्युटेशियम हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. माझ्या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे ते चिकटायच्या जागा, आहेत, महिन्याचं इंजेक्शन तिथेच जाऊन बसतं. आता तशाच रेणूला ल्युटेशियम-१७७ बांधून पाठवायचं. “पत्ता तोच, पार्सल वेगळं,” असं ते म्हणाले. त्यातून निघणारे बीटा कण शरीरात जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात, त्यामुळे मार बसतो तो मुख्यतः गाठीला आणि तिच्या शेजाऱ्यांना. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विरून जायला लागणारा वेळ, साडेसहा दिवसांच्या थोडं वर. मी विचारलं, हे येतं कुठून? म्हणाले, आपल्याकडचं बरंचसं तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतून. म्हणजे ज्या भाभा केंद्राच्या घुमटाचं चित्र मी मुलांना धड्यात दाखवते, तिथून. त्याच केंद्राचा परळमधला वैद्यकीय विभाग, रेडिएशन मेडिसिन सेंटर, १९६३ पासून आहे, हेही मला तेव्हाच कळलं. तीस वर्षं त्या बाजूने येजा केली होती.

आणि मग ते म्हणाले की सध्या एका ट्रायलसाठी रुग्ण घेतले जात आहेत, विचार करा. ट्रायलचं आणि रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या कुणा एकट्यावर ढकलण्यासारख्या नाहीत.

घरी गेल्यावर नवऱ्याचा पहिला प्रश्न: “औषध सिद्ध झालंय म्हणतात, मग ट्रायल कसली?” प्रश्न बरोबर होता. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली, ती मी वहीत उतरवून घेतली. नेटर-१ नावाची मोठी ट्रायल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. माझ्यासारखीच, मधल्या आतड्यातली वाढत चाललेली गाठ असलेले सव्वादोनशेच्या वर रुग्ण. एका गटाला ल्युटेशियमचे चार डोस आणि नेहमीचं इंजेक्शन, दुसऱ्याला फक्त इंजेक्शन, पण दुप्पट. वीस महिन्यांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ६५ टक्के विरुद्ध ११ टक्के. मी लगेच खूश. तर त्यांनी पुढचंही सांगितलं: गाठ ठळकपणे लहान झाली ती १८ टक्क्यांमध्येच. आणि एकूण आयुष्याचा मध्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले, असा आकडा) ४८ महिने विरुद्ध ३६ महिने आला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो फरक उतरला नाही. दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांनी नंतर ल्युटेशियम घेतलं होतं, हे त्यामागचं एक कारण धरतात. “हा आजार पुसला जात नाही, रोखून धरला जातो,” हे त्यांचं वाक्य. मला ते गोड बोलण्यापेक्षा आवडलं.

म्हणजे ल्युटेशियम चालतं का, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कधी द्यायचं, आधी की या आजारावरच्या दुसऱ्या गोळ्यांनंतर, कोणत्या ग्रेडला, किती, हे प्रश्न आहेत. नेटर-२ मध्ये (२०२४) जास्त वेगाने वाढणाऱ्या, केआय-६७ १० ते ५५ च्या गाठींना ते पहिलाच उपचार म्हणून दिलं. आजार न वाढता राहिलेल्या काळाचा मध्य साडेआठ महिन्यांवरून जवळपास तेवीसवर गेला. बीटाऐवजी अल्फा कण सोडणाऱ्या ॲक्टिनियमवरही काम चाललंय, दिल्लीच्या एम्सने त्यात आधीपासून बरंच केलंय. मला विचारलेल्या ट्रायलमध्ये एका गटाला ल्युटेशियम आणि दुसऱ्याला गोळ्या होत्या. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार. त्या गोळ्यांनी तोंड येतं, साखर वाढते. हे पचवायला मला चार दिवस लागले.

भाच्याने सांगितलं, आधी सीटीआरआयवर बघ. भारतातल्या ट्रायल्सची ही सरकारी नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. तुम्हाला कुणी ट्रायल सुचवली तर नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे टाकून बघा. एथिक्स कमिटीची मंजुरी, कुठली केंद्रं, कोण घेतले जातील, कोण नाही, सगळं असतं. क्रमांक द्यायला कुणी कुरकुर केली तर उठून या.

१९ एप्रिल २०२४, संमतीपत्र. मराठीत, तेवीस पानं. त्यातलं मराठी वाचून माझा हात लाल पेनाकडे गेला. ‘यादृच्छिकीकरण’, ‘अभ्यास औषध’, ‘प्रतिकूल घटना’. एका ठिकाणी तर ‘आपण गर्भवती असल्यास आपल्या पत्नीस कळवावे’. कोऑर्डिनेटर मुलगी गोड होती, तिने सगळं माणसांच्या भाषेत सांगितलं: “ताई, यादृच्छिक म्हणजे कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो. तुमचे डॉक्टरसुद्धा ती बदलू शकत नाहीत.” कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्याने नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे. फॉर्म घरी नेऊन वाचायचा हक्क आहे. मी नेला, आठवड्याने सही केली. सही झालेली प्रत आपल्याला मिळायलाच हवी, ती मागून घ्या.

शेवटच्या पानावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि त्याखाली वारसाचं नाव, पत्ता, नातं. कंसात लिहिलेलं की ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाईसाठी. नवरा शेजारी बसला होता. दोघंही त्या ओळीकडे बघत राहिलो. एलआयसीच्या फॉर्मवर हीच ओळ आम्ही हसतखेळत भरली होती. मी मुलीचं नाव लिहिलं. तिला तेव्हा चौथा महिना लागला होता.

सहीपासून स्क्रीनिंगचे, म्हणजे ट्रायलमध्ये बसते का ते तपासायचे, अठ्ठावीस दिवस मोजायला लागतात. त्यात सगळ्या तपासण्या बसल्या पाहिजेत. डोटाटेट पेट स्कॅन (तेच रिसेप्टर असलेल्या गाठी उजळवून दाखवणारा; हा ट्रायलच्या खर्चाने, बाहेर मला बावीस हजार सांगितले होते), रक्त, किडनी, हृदयाची सोनोग्राफी. पेटमध्ये गाठी यकृतापेक्षा जास्त उजळल्या तरच उपचाराला अर्थ. माझ्या चांगल्याच उजळल्या. बायोप्सीचा ब्लॉक जुन्या रुग्णालयातून आणायला दोन अर्ज, आधारची प्रत, पाचशे रुपये डिपॉझिट आणि नऊ दिवस. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीपेक्षा लहान. तो पर्समध्ये घेऊन मी सीएसएमटी लोकलच्या लेडीज डब्यात बसले. शेजारची बाई मेथी निवडत होती.

चोवीस तासांच्या लघवीची तपासणी हे वेगळंच प्रकरण. गाठी सोडतात त्या संप्रेरकाचा अंश त्यात मोजतात. तीन दिवस आधीपासून केळी, टोमॅटो, अननस, अक्रोड, वांगी बंद, नाहीतर आकडा खोटा वाढतो. सकाळची पहिली लघवी सोडायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी एका कॅनमध्ये. कॅन थंड ठेवायचा. सासूबाईंनी फ्रिजला साफ नकार दिला, “तिथे नैवेद्याचं दूध असतं.” शेवटी इंजेक्शनचा थर्माकोलचा डबा कामी आला. रविवार निवडा, शाळा-ऑफिसच्या दिवशी हे जमत नाही. आणि क्रोमोग्रॅनिन ए ही याच आजाराची रक्ततपासणी करायची असेल तर ॲसिडिटीची गोळी चालू आहे हे आधी सांगा. तिनेही आकडा वाढतो. माझी गोळी डॉक्टरांनी दोन आठवडे आधी थांबवली होती.

सगळं पास. मग कोऑर्डिनेटरने विचारलं, “ताई, मागच्या वर्षीच्या सीटीची सीडी आणलीत का?”

ट्रायलला गाठ वाढल्याचा पुरावा हवा होता, दोन स्कॅन शेजारी ठेवून मिलिमीटरमध्ये मोजलेला. मार्च २०२४ चा स्कॅन उत्तम होता. मार्च २०२३ चा मी घराजवळच्या एका सेंटरवर केला होता, आणि तेव्हा कॉन्ट्रास्टचे (डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध) वेगळे दीड हजार सांगितल्यावर मीच म्हटलं होतं, साधाच करा. फिल्म होती, सीडी उघडत नव्हती. सेंटरवर दोनदा गेले. सहा महिन्यांच्या वरचा डेटा ठेवत नाही, असं उत्तर मिळालं. फिल्म पाठवून बघितली. कॉन्ट्रास्ट नाही, त्यामुळे यकृतातले डाग मोजता येत नाहीत, असा निकाल आला. १६ मे ला फोन आला, “स्क्रीन फेल्युअर.” म्हणजे ट्रायलमधून बाद. दीड हजार वाचवले होते मी.

त्या दिवशी शाळेत निकालपत्रकांचं काम चालू होतं. कुणाला काही बोलले नाही.

आठवडाभराने डॉक्टर भेटले. ते शांत होते. ट्रायलच्या कागदासाठी वाढ सिद्ध होत नाही, पण माझ्यासमोर बसलेल्या बाईत ती दिसतेय, असं म्हणाले. हा मान्यताप्राप्त उपचार आहे, ट्रायलबाहेर सुरू करू. फक्त आता खर्च आपला. एका डोसचं पॅकेज १ लाख ७२ हजार, चार डोस. मेडिक्लेम नवऱ्याच्या कंपनीचा, पाच लाखांचा.

टीपीएने पहिल्याच फटक्यात नाकारलं. कारण: ‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट’. आम्हाला कळेना. मग लक्षात आलं, फाइलची झेरॉक्स काढताना ट्रायलचे कागदही सोबत गेले होते, आणि तिकडे कुणीतरी ‘क्लिनिकल ट्रायल’ हे दोन शब्द वाचून फाइल मिटली. डॉक्टरांनी पत्र दिलं: युरोपात २०१७ ला आणि अमेरिकेत जानेवारी २०१८ ला मान्यता, ही रुग्ण कुठल्याही ट्रायलमध्ये नाही. दोन ईमेल, एक ग्रीव्हन्स, सात आठवडे. पहिल्या डोसचे पैसे एफडी मोडून भरले, ते नंतर परत मिळाले, अठरा हजार कापून. ट्रायलची फाइल वेगळी ठेवा, शक्यतो वेगळ्या रंगाची.

पहिला डोस सोमवारी, ८ जुलै २०२४. ज्यांना मुंबई माहीत आहे त्यांना तारीख आठवेल. रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत काही ठिकाणी तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि रुळांवर पाणी आलं, त्यात आमचं भांडुपही. साडेसहाला न्यूक्लियर मेडिसिनमधून फोन: “तुमच्या नावाचा डोस आलाय, निघालात ना?” हे औषध दुकानातून आणून कपाटात ठेवता येत नाही. रोज साधारण दहा टक्के विरून जातं. महिनाभर आधी मोठं इंजेक्शन बंद केलेलं, मधली छोटी इंजेक्शनंही आदल्या दिवशी थांबवलेली, त्यामुळे पोट सतत धावतंय. लोकल बंद. रिक्षा शीवच्या पुढे जात नाही. शेजारच्या मुलाने त्याची टुरिस्ट गाडी काढली, पूर्व द्रुतगती मार्गाने अडीच तासांत पोहोचलो. गाडीत प्लॅस्टिकची बादली होती. ती वापरावी लागली, एवढंच सांगते.

डोस स्वतः अर्ध्या तासाचा. त्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर तीन तास अमिनो ॲसिडचं सलाईन चालतं, किडनी वाचवण्यासाठी. खरा त्रास त्याचाच. मला दोन उलट्या झाल्या. सिस्टरने थेंब कमी केले तेव्हा बरं वाटलं, म्हणून मळमळ सुरू होताच सांगा, दात दाबून बसू नका. औषध शिशाच्या जाड भांड्यातून येतं आणि ते लावलं की माणसं दाराबाहेर जातात. इतकी वर्षं लोक माझ्या आजाराला घाबरत होते, आता माझ्या औषधाला. खोलीला स्वतःचा संडास, फोनला प्लॅस्टिकची पिशवी, भेटायला कुणी नाही. पाणी भरपूर प्यायचं आणि बसूनच लघवी करायची, दोनदा फ्लश. दुसऱ्या दिवशी एक मीटरवरून यंत्राने माझ्यातला किरणोत्सार मोजला, स्कॅन काढला (ल्युटेशियम थोडे गॅमा किरणही सोडतं, त्यामुळे ते कुठे बसलंय ते दिसतं) आणि घरी सोडलं. किरणोत्सारी औषध दिल्याचं सर्टिफिकेट जपून ठेवा. पुढचे काही आठवडे विमानतळावरचं यंत्र वाजू शकतं.

मला पंधरा दिवस लहान मुलं आणि गर्भवती बायकांपासून दूर राहायला सांगितलं होतं, त्यामुळे शाळेला प्रत्येक डोसमागे रजा. आणि १४ जुलैला मुलीचं डोहाळजेवण होतं, ठाण्याला तिच्या सासरी. तारीख आधीच ठरलेली, हॉलचे पैसे भरलेले. मी घरी राहिले. ओटी तिच्या मावशीने भरली. व्हिडिओ कॉलवर कुणीतरी फोन उलटा धरला होता, मला बराच वेळ पंखा दिसला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं असतं. ते होणार नव्हतं. दुसरा डोस २ सप्टेंबरला, गणपतीच्या पाच दिवस आधी. दर्शनाला येणाऱ्या मुलांना मी आतल्या खोलीतून हात केला. नात २४ सप्टेंबरला झाली. पंधरा दिवस उलटून गेले होते, तरी मी एक आठवडा उगाच जास्त थांबले. डॉक्टर म्हणाले गरज नव्हती.

तिसरा डोस २८ ऑक्टोबरला, वसुबारसेला, ठरला होता. आदल्या आठवड्यात प्लेटलेट ६८ हजार आल्या. पंचाहत्तरच्या वर हव्यात. डोस पुढे ढकलला. मी रिक्षात रडले, कारण एक डोस चुकला की सगळं फुकट असं डोक्यात बसलं होतं. तसं नसतं, पुढे सरकवता येतो. संध्याकाळी मुलीचा फोन आला, “म्हणजे दिवाळीत तू रेडिओॲक्टिव्ह नाहीस?” दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन आली आणि वीस दिवस राहिली. सासूबाईंनी पणतीला रोज तेल लावलं, मी आंघोळ घातली.

प्लेटलेट हळूहळू चढल्या, तिसरा डोस २५ नोव्हेंबरला झाला, चौथा जानेवारीत. शेवटच्या दोन डोसांत उलटी झाली नाही, पण थकवा आठवडा-आठवडा. जिने चढताना पहिल्या मजल्यावर बसायचे.

एप्रिलचा स्कॅन: दोन डाग थोडे लहान, बाकीचे तेवढेच, नवीन नाही. रिपोर्टात ‘स्टेबल डिसीज’. चेहरा लाल होणं दिवसाला एखाद-दोनदा. महिन्याचं इंजेक्शन चालू आहे. रक्ताची तपासणी चालूच राहील, कारण या उपचाराने पुढे कधीतरी अस्थिमज्जेला त्रास होण्याची थोडी शक्यता असते, आणि किडनीवरही नजर ठेवावी लागते. हे संमतीपत्राच्या सतराव्या पानावर होतं. ते तेवीस पानी पत्र मी फेकलेलं नाही. मला मिळालेली सगळ्यात पूर्ण माहिती त्यातच आहे, मराठी कसंही असो.

पुढचा स्कॅन ऑक्टोबरमध्ये. कॉन्ट्रास्टसकट. सीडी दोन कॉपी सांगितल्या आहेत, दुसरीचे शंभर रुपये जास्त घेतात.